ईजीएफ घालूनही अंडपेशींच्या परिपक्वतेत फरक पडत नाही – मदत हवी आहे

निशाचर
नमस्कार. प्रयोगशाळेत अंडपेशी परिपक्व करताना मी मीडियममध्ये (पोषक द्रवात) ईजीएफ, म्हणजे पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन, घालते. प्रति मिलिलिटर १० नॅनोग्रॅमपासून ५० पर्यंत मात्रा वाढवून पाहिली, तरी पहिली पोलर बॉडी (अंडपेशीच्या विभाजनात बाहेर पडणारी छोटी पेशी, परिपक्वतेची खूण) दिसणाऱ्या अंडपेशींचे प्रमाण ईजीएफ नसलेल्या गटाइतकेच भरते. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शकांना निकाल दाखवायचे आहेत. नेमके काय बदलावे, तेवढेच कृपया सांगावे.

भिंग
प्राणी कोणता, हेच आपण लिहिलेले नाही. गायीच्या अंडपेशींना साधारण २२ ते २४ तास लागतात, तर डुकराच्या अंडपेशींना ४२ ते ४४. शिवाय मीडियममध्ये सीरम आहे का?

त्रिवेणी
ईजीएफचा नाद सोडावा. एफजीएफ-२, लिफ आणि आयजीएफ-१ हे तिन्ही प्रथिन घटक एकत्र घातल्यास अंडपेशींचा दर्जा स्पष्टपणे सुधारतो. २०१७ मध्ये हे काम प्रसिद्ध झालेले आहे.

भिंग
ते काम डुकराच्या अंडपेशींवरचे आहे, हे सांगायचे राहिले. प्रश्न समजण्याआधीच उत्तर देण्याची घाई कशासाठी?

हिमकण
परिपक्व अंडपेशी साठवायच्या असतील, तर संथ गोठवणीपेक्षा व्हिट्रिफिकेशन (अतिशीघ्र गोठवण) करावे, असे मी सुचवेन.

निशाचर
साठवणुकीचा प्रश्न सध्या नाही. अंडपेशी गायीच्या आहेत. टीसीएम-१९९ मीडियम, १० टक्के सीरम, २४ तास.

भिंग
सीरममध्ये मुळातच वाढीचे घटक असतात, त्यामुळे आपला तुलनेचा गट कोरा नाही. सीरमऐवजी बीएसए (गायीच्या रक्तातील अल्ब्युमिन प्रथिन) घालून पाहावे. आणि २४ तासांनंतर अंडपेशीभोवतीच्या क्युम्युलस पेशी फुलतात का?

निशाचर
त्या मी सुरुवातीलाच काढून टाकते, कारण त्यांच्या आवरणामुळे पोलर बॉडी दिसत नाही. सगळेच असे करत असतील, असे समजून लिहिले नव्हते.

भिंग
मग घोटाळा इथेच आहे. शरीरात एलएच या संप्रेरकाची लाट आली की पुटकाच्या (अंडाशयात अंडपेशी जिच्यात वाढते त्या पिशवीच्या) भिंतीतील ग्रॅन्युलोसा पेशी ॲम्फिरेग्युलिन, एपिरेग्युलिन यांसारखे ईजीएफच्या कुळातील घटक तयार करतात, आणि ते क्युम्युलस पेशींवरील ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटून त्यांच्यामार्फत अंडपेशीवर परिणाम करतात. त्या पेशीच नसतील, तर घातलेल्या ईजीएफचा निरोप पोहोचवणार कोण? शिवाय पुटकातून बाहेर काढलेली अंडपेशी आपोआप अर्धसूत्री विभाजन पुन्हा सुरू करते, हे पिंकस आणि एन्झमन यांनी १९३५ मध्ये सशाच्या अंडपेशींवर दाखवले होते. म्हणून आपल्या दोन्ही गटांत पोलर बॉडी सारख्याच दिसतात. क्युम्युलस पेशी शाबूत ठेवाव्यात आणि २४ तासांनंतर हायल्युरोनिडेज या विकराने काढून मगच मोजणी करावी. केवळ पोलर बॉडीवर भिस्त ठेवू नये, कारण केंद्रक परिपक्व झाले म्हणजे पेशीद्रव्यही तयार झाले असे नाही. ते फलनानंतर ब्लास्टोसिस्ट (सुरुवातीच्या टप्प्यातील भ्रूण) किती होतात, यावरून कळते.

निशाचर
ब्लास्टोसिस्टसाठी फलनानंतर सात-आठ दिवस लागतील आणि माझ्या हातात सहाच आहेत. तूर्त क्युम्युलससह नवी तुकडी उद्या लावते. सीरमचा आणि बीएसएचा, असे दोन्ही गट ठेवते.

त्रिवेणी
त्याच तुकडीत तिहेरी मिश्रणाचाही एक गट ठेवावा, असे मी अजूनही म्हणेन.