एका स्लॉटला एकच प्रपोझर पुरे आहे का?

मूळ मुद्दा (कॉलेज रोड, नाशिक)

इथेरियम या ब्लॉकचेनवर दर १२ सेकंदांच्या स्लॉटमध्ये, म्हणजे कालखंडात, ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) मांडण्याचा हक्क एकाच प्रपोझरकडे असतो; व्यवहार तपासून साखळी चालवणाऱ्या व्हॅलिडेटरांतून तो त्या स्लॉटपुरता निवडला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने टोर्नेडो कॅश या पैशांचा माग लपवणाऱ्या सेवेवर निर्बंध घातल्यावर काही रिले (तयार ब्लॉक प्रपोझरपर्यंत पोहोचवणारे मध्यस्थ) तिचे व्यवहार गाळू लागले, आणि त्याच नोव्हेंबरात निम्म्याहून बरेच अधिक ब्लॉक अशा रिलेंमधून येत होते. ते व्यवहार उशिरा का होईना आत गेले, म्हणून अनेकजण निर्धास्त आहेत. परंतु लिलावात उशीर म्हणजे नकारच.

समजा, साखळीवरील लिलावाची मुदत याच स्लॉटमध्ये संपते. मी १०० ची बोली लावली आणि ती आत घेण्यासाठी १ शुल्क देऊ केले. प्रतिस्पर्ध्याला माझ्या १०० ला भिडावे लागतच नाही. त्याने प्रपोझरला २ दिले की माझी बोली बाहेर. एकाच वेळी आठ प्रपोझर असले आणि मी अशी अट घातली की एकट्यानेच बोली घेतली तर त्याला ५० मिळतील, अनेकांनी घेतली तर प्रत्येकी १, तर आठही जणांना गप्प बसवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याला सुमारे ४०० मोजावे लागतील आणि मला एरवी फक्त ८ खर्च येईल. या हिशेबामुळेच मी अनेक प्रपोझरांच्या बाजूने आहे.

प्रतिसाद (सातपूर)

हिशेब बरोबर आहे, पण आठांतला जो शेवटी मांडेल तो बाकीच्यांच्या बोली पाहून आपली बोली ठरवेल, त्याचे काय? लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टरभोवती उभ्या असलेल्या सगळ्या व्यापाऱ्यांना प्रत्येक बोली एकाच वेळी ऐकू येते. नेटवर्कवर तसे होत नाही. शिवाय तोच व्यवहार आठ ठिकाणी येणार आणि त्याचा भार माझ्यासारख्या घरून व्हॅलिडेटर चालवणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीवर पडणार. त्यापेक्षा इथेरियममधल्या फॉसिल या बदलाचा प्रस्ताव मला सरळ वाटतो: १६ व्हॅलिडेटर ब्लॉकमध्ये घ्यायच्या व्यवहारांच्या आपापल्या याद्या देतात आणि जागा असूनही त्यांतले वैध व्यवहार वगळणाऱ्या ब्लॉकला इतर व्हॅलिडेटर मत देत नाहीत.

मूळ लेखकाचे उत्तर

टोर्नेडो कॅशसारख्या प्रकरणात फॉसिल पुरेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मात्र त्या याद्या ब्लॉकच्या आधी गोठतात, त्यामुळे शेवटच्या क्षणी आलेली बोली त्यांत नसते, आणि लिलावात खरी चढाओढ त्याच क्षणी असते. शेवटी पाहणाऱ्याचा लाभ हा खरा दोष आहे. त्यावर उपाय म्हणजे सर्वांचे मांडून होईपर्यंत बोली कूटबद्ध ठेवणे.

प्रतिसाद (सातपूर)

मग त्या बोली उघडणार कोण? किल्लीचे तुकडे एखाद्या समितीकडे दिले, तर पुरेसे सदस्य संगनमताने त्या आधीच उघडू शकतात, आणि पुरेसे सदस्य गैरहजर राहिले तर त्या उघडतच नाहीत. एका प्रपोझरवरचा विश्वास काढून तो समितीवर ठेवायचा असेल, तर त्या समितीला लाच द्यायला किती खर्च येईल, तोही हिशेब आपण याच आकड्यांत मांडावा.