जमिनीवर बसून धनुष्याने हरणाची शिकार: वारा, आडोसा आणि दोरी ओढण्याची वेळ

कातळसडा (देवरुख) यांचा प्रश्न:
माझे थोरले मेहुणे पेनसिल्व्हेनियात राहतात आणि दरवर्षी पानगळीच्या दिवसांत तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची धनुष्याने शिकार करतात. येत्या ऑक्टोबरात मी त्यांच्याकडे जाणार असून रीतसर परवाना काढून त्यांच्याबरोबर बसण्याचा विचार आहे. कंपाउंड धनुष्याने (टोकांना चाके असलेल्या) लक्ष्यावर बाण मारण्याचा मला सराव आहे. परंतु गुडघे दुखत असल्यामुळे मचाणावर चढणे जमणार नाही. जमिनीवर बसून हरीण वीस यार्डांच्या आत येऊ देणे आणि त्याला न कळता दोरी ओढणे कितपत शक्य आहे? तत्पूर्वी आपल्याकडच्या रानात धनुष्य घेऊन भेकरांच्या वाटेवर नुसते बसून पाहिले तर चालेल का?

खाडीकाठ (दापोली):
शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: मुळीच चालणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत प्राणी मारण्याबरोबरच तसा प्रयत्न करणेही येते, आणि भेकराच्या वाटेवर धनुष्य घेऊन बसलेल्या माणसाचा हेतू केवळ सरावाचा होता, हे वनरक्षकाला कोण पटवून देणार? दुर्बीण घेऊन जावे. न हलता बसण्याची सवय तेवढ्यानेही होते. तिकडे प्रथमच परवाना काढणाऱ्याला शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा मेहुण्यांना त्याची चौकशी आताच करायला सांगा.

आंबाघाट (साखरपा):
काही वर्षे परदेशात असताना मी जमिनीवरूनच बसत असे. शक्य आहे, मात्र सर्व मदार वाऱ्यावर असते. मचाणावरच्या माणसाचा वास बऱ्याचदा हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. जमिनीवर बसलेल्याचा वास थेट त्याच्या नाकाच्या उंचीवरून वाहतो. आपल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई आणि ऊन चढल्यावर समुद्राकडून खारा वारा असतो, तशीच अदलाबदल डोंगराळ रानातही होते. पहाटे थंड हवा उतारावरून दरीकडे उतरते, ऊन तापले की ती वर चढू लागते आणि सूर्य कलल्यावर पुन्हा खाली येते. म्हणून सकाळी ऊन तापल्यानंतर हरणांच्या वाटेच्या वरच्या अंगाला आणि संध्याकाळी खालच्या अंगाला बसावे. मात्र जोराचा वारा सुटला की हा हिशेब मोडतो आणि वाऱ्याची दिशा तेवढी पाहावी लागते.

आडोशासाठी कापडी तंबू मिळतो, त्याला तिकडे ब्लाइंड म्हणतात. तो आदल्या दिवशी न लावता बरेच दिवस आधी लावून फांद्यांनी झाकावा, म्हणजे हरणे त्याला सरावतात. मागच्या खिडक्या बंद ठेवून आत काळे कपडे घालावेत, नाहीतर मागच्या उजेडावर आपली आकृती उठून दिसते. हरणाला तांबडा व नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. जीन्स घरीच ठेवा.

खाडीकाठ (दापोली):
दोरी ओढण्याविषयी थोडे. हरणाचे डोके झाडामागे गेले किंवा ते दुसरीकडे पाहू लागले, तरच ओढावी. बाण सेकंदाला सुमारे २७० फूट गेला तरी वीस यार्डांसाठी, म्हणजे ६० फुटांसाठी, त्याला जवळजवळ पाव सेकंद लागतो, तर दोरीचा आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या वेगाने आधीच पोहोचलेला असतो. सावध हरीण तो ऐकताच उडी घेण्यासाठी खाली दबते आणि बाण पाठीवरून जातो. म्हणूनच कान टवकारलेल्या हरणावर, ते कितीही जवळ असले, तरी बाण सोडू नये. ते पूर्ण आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असताना पुढच्या पायामागे नेम धरावा. येथे जमिनीचा फायदाच होतो: बाण सपाट जातो आणि दोन्ही फुफ्फुसे भेदतो; मचाणावरून तिरपा गेलेला बाण कधीकधी एकच भेदतो.

बाण लागल्यावर लगेच मागे धावू नये. रक्त फेसाळ व गुलाबी असेल तर अर्ध्या तासाने माग काढावा. बाणाला हिरवट घाण व दुर्गंधी असेल तर तो पोटात लागला आहे, आणि अशा वेळी कित्येक तास थांबणे भाग असते.

कातळसडा (देवरुख):
दोघांचेही आभार. घरी स्टुलावर बसून सराव करावा, की गुडघ्यावर?

आंबाघाट (साखरपा):
स्टुलावरच, आणि तेही तंबूत नेणार आहात त्याच उंचीच्या. पुढे खिडकीच्या उंचीवर एक आडवी काठी बांधा. बसून दोरी ओढताना धनुष्याचे खालचे टोक मांडीला लागते आणि बाण खिडकीच्या कडेला घासतो. या दोन्ही गोष्टी उभ्याने सराव करताना लक्षातच येत नाहीत.