रबराचा हार्डनेस मोजायला हातातलं गेज कोणतं घ्यावं?

मोल्डिंग_भोसरी

नमस्कार मंडळी. कॉम्प्रेशन मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. इपीडीएम रबराची ६० शोर ए (रबराच्या कडकपणाचं माप) ची गास्केट (३ मिमी जाड, पट्टीची रुंदी १४ मिमी), नायट्राइल रबराचे ७० शोरचे ओ-रिंग (बहुतेक ३.५३ मिमी जाडीचे), पॉलियुरेथेनचे ९० ते ९५ शोरचे बुश आणि अधूनमधून स्पंजची सील पट्टी असा माल निघतो.

सध्या ऑनलाइन घेतलेला दोन-तीन हजारांचा डायलचा शोर ए ड्युरोमीटर (हार्डनेस मोजायचं गेज) आहे. ड्रॉइंगवर ‘६० ± ५ शोर ए’ एवढंच लिहिलंय. आमच्याकडे ६१ येतो, ग्राहकाच्या इनवर्डला (माल आल्यावरच्या तपासणीत) त्याच लॉटचा ६६ येतो आणि माल परत. आम्ही त्याच रबराच्या ६ मिमी जाडीच्या बटणावर (गोल नमुन्यावर) गेज टेकवून ‘एक, दोन, तीन’ म्हणून मग वाचतो. ते गास्केटच ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर ठेवून मोजतात. चांगलं गेज घ्यायची तयारी आहे. डायल की डिजिटल? एका गेजमध्ये सगळा माल मोजता येईल का? सोबत स्टँड लागेल का?

क्वालिटी_नाशिक

दादा, आधी ६१ आणि ६६ का येतात ते बघा. नाहीतर महागडं गेज आणूनही तुमच्याकडे ६१च येईल आणि त्यांच्याकडे ६६च.

शोर ए गेजचं रबरात घुसणारं टोक गेजच्या तळातून २.५ मिमी बाहेर असतं. ते पूर्ण आत ढकललं गेलं की १००, अजिबात ढकललं गेलं नाही की ०. म्हणजे एक अंक ०.०२५ मिमीचा. ६० शोरच्या रबरात टोक १ मिमी घुसतं. तुमचं गास्केट ३ मिमी, त्यातला १ मिमी टोकाने खाल्ला आणि खाली ग्रॅनाइट. दाबलेल्या रबराला सरकायला जागाच उरत नाही, दगडाचा कडकपणा आकड्यात येतो आणि आकडा चढतो. म्हणूनच एएसटीएम डी २२४० आणि आयएसओ ४८-४ या दोन्ही स्टँडर्डमध्ये शोर ए साठी किमान ६ मिमी जाडी सांगितली आहे.

दुसरी गोष्ट रुंदीची. टोक कडेपासून निदान १२ मिमी आत हवं. १४ मिमीच्या पट्टीत मधोमध धरलं तरी कड ७ मिमीवर. कडेजवळ रबर बाजूला फुगतं आणि आकडा उतरतो. म्हणजे त्यांच्या मापात एक चूक वर ओढते, दुसरी खाली. त्या ६६ मध्ये कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) खरा वाटा किती, हे कोणीच सांगू शकणार नाही.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि भांडणं बहुतेक इथेच होतात. गेज टेकवल्या क्षणी काटा वर जातो आणि मग रबर ढिलं पडतं तसा हळूहळू खाली येतो. एएसटीएमप्रमाणे तळ पूर्ण टेकल्यावर १ सेकंदाने वाचायचं. आयएसओप्रमाणे व्हल्कनाइज्ड रबराला ३ सेकंद आणि थर्मोप्लास्टिक रबराला १५ सेकंद. त्यांच्या गेजला कमाल दाखवणारा दुसरा काटा असेल आणि तोच वाचत असतील, तर ते पहिल्या क्षणाचा आकडा लिहितायत. ड्रॉइंगवर ‘शोर ए, ३ सेकंद, त्याच बॅचच्या ६ मिमी बटणावर’ असं लिहून घ्या आणि प्रत्येक लॉटसोबत दोन बटणं पाठवा.

बटण नसेल तर २ मिमीच्या तीन शीट एकावर एक ठेवता येतात, पण तीनपेक्षा जास्त थर नकोत. मध्ये हवा किंवा टाल्क राहिली की आकडा खोटा. थर घट्ट बसले तरी सलग ६ मिमीपेक्षा आकडा थोडा कमीच येतो, त्यामुळे थरांच्या आकड्याची तुलना थरांशीच करायची.

आता गेज. एका गेजमध्ये सगळा माल होणार नाही. ६० चं गास्केट आणि ७० चं कंपाउंड यांना शोर ए. ९० च्या वर शोर ए वर भरवसा ठेवू नका: ९५ ला टोक फक्त ०.१२५ मिमी घुसलेलं असतं, तिथे पृष्ठभागावरचा मोल्डचा खरखरीतपणाही आकडा हलवतो. तुमच्या बुशला शोर डी घ्या. त्याचं टोक अणकुचीदार आहे, ३० अंशांचा शंकू आणि शेंड्याची त्रिज्या ०.१ मिमी. तयार मालावर खूण राहते, म्हणून बुशच्या झाकल्या जाणाऱ्या तोंडावर किंवा वेगळ्या सँपलवर मोजा. शोर ए चा आकडा कोष्टकातून शोर डी मध्ये बदलून रिपोर्टवर लिहू नका, टोक वेगळं आणि स्प्रिंगही वेगळी.

स्पंजला दोन्ही चालत नाहीत. शोर ए चं टोक वरची कातडी दाबून आतल्या पोकळीत जातं. तिथे गोल टोकाचं शोर ओओ किंवा बुटांच्या सोलसाठी वापरतात ते अॅस्कर सी. ग्राहक कोणतं वापरतो ते विचारून घ्या, कारण या दोघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

कॅलिब्रेशन_लॅब

वरच्या उत्तरात जोडतो. मितुतोयो, टेक्लॉक, रेक्स, बारआयस यांपैकी कुठलंही चालेल, फक्त डायलवर स्केलसोबत कोणतं स्टँडर्ड छापलंय ते बघून घ्या. जपानी गेजमध्ये जुन्या जपानी स्टँडर्डची स्प्रिंग असलेली मॉडेलंही बाजारात फिरतात. तीही ‘ए’ म्हणूनच विकली जातात, पण त्यांची स्प्रिंग थोडी वेगळी असते.

स्वस्त गेज फेकण्याआधी तपासून बघा, घरच्या घरी होतं. मोकळं धरल्यावर काटा शून्यावर हवा. जाड काचेवर पूर्ण टेकवल्यावर १०० हवा. ९७-९८ वर थांबत असेल तर टोक झिजलंय किंवा कमी बाहेर येतंय. डायल फिरवून १०० करू नका, त्याने मधले सगळे आकडे बिघडतात. नव्या टोकाचा सपाट शेंडा ०.७९ मिमी व्यासाचा असतो. झिजला की तो रुंद होतो, रबर जास्त अडवतं आणि आकडा चढा येतो.

मग स्प्रिंग. शोर ए ची स्प्रिंग शून्याला ०.५५ न्यूटन आणि प्रत्येक अंकामागे ०.०७५ न्यूटन असते, म्हणजे १०० ला ८.०५. एक ग्रॅम अचूकतेचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्या. त्याच्या ताटलीवर मधोमध अडीच मिमी व्यासाची, सपाट तोंडाची छोटी पिन उभी बसवा आणि वजनकाटा शून्य करा. गेज स्टँडला धरून हळूहळू खाली आणा, फक्त टोक पिनेवर टेकलं पाहिजे, तळ कशालाच लागता कामा नये. डायलवर २० असताना वजन २०९ ग्रॅमच्या आसपास यायला हवं, ५० ला ४३८ आणि ८० ला ६६८. एक अंक म्हणजे साधारण ७.६ ग्रॅम. तेव्हा १५ ग्रॅमचा फरक म्हणजे दोन अंक. खाली येताना आणि वर जाताना दोन्ही वेळा वाचा. दोन्हीत फरक पडला तर आतली दांडी घासतेय, बहुतेक तळाच्या ३ मिमीच्या भोकात टाल्क किंवा फ्लॅशचा (मोल्डच्या सांध्यातून निघालेल्या जादा रबराचा) चुरा अडकलेला असतो. ब्रशने झाडा. तेल घालू नका, धूळ चिकटते आणि ते तेल सँपललाही लागतं.

गेजसोबत येणारे रंगीत रबरी ठोकळे रोज सकाळच्या तपासणीपुरते ठीक. तेही रबरच आहेत, वर्षागणिक कडक होतात. सर्टिफिकेट एनएबीएलमान्य लॅबचं घ्या, वर्षातून एकदा, आणि त्यात स्प्रिंगचं बल, टोकाची लांबी आणि टोकाचा व्यास हे तिन्ही मोजलेले हवेत. नुसते ठोकळ्यांवरचे आकडे लिहिलेलं सर्टिफिकेट ऑडिटला तोकडं पडतं.

मोल्डिंग_भोसरी

फार उपयोगी, आभार. वजनकाट्यावर लावून बघितलं: २० ला २०७, ५० ला ४५१, ८० ला ६९४. म्हणजे वर जाईल तसं बिघडतंय ना? आणि स्टँड, डिजिटल, ओ-रिंग यांचं काय?

कॅलिब्रेशन_लॅब

हो. ८० ला २६ ग्रॅम जास्त म्हणजे जवळपास साडेतीन अंक. ५० ला १३ ग्रॅम, म्हणजे पावणेदोन. स्प्रिंग कडक आहे. डायलवर तोच आकडा यायला जास्त जोर लागतो, म्हणजे हे गेज आकडा कमी दाखवतंय. तुमचा ६१ खरा ६३ च्या आसपास असू शकतो. ग्राहकाचं मापन चुकीचंच आहे, पण तुमचं गेजही तितकंच दोषी आहे. हे बदलाच.

क्वालिटी_नाशिक

स्टँड घ्याच. हाताने एक माणूस हलकं टेकवतो, दुसरा जोरात, तिसरा तिरकं. तळ १८ मिमी व्यासाचा असतो, तो पूर्ण सपाट टेकला नाही की माप गेलं. स्टँडवर शोर ए ला १ किलो वजन, शोर डी ला ५ किलो. पाच जागी मोजा, दोन जागांत ६ मिमी अंतर ठेवा आणि मधला आकडा घ्या. एकाच खड्ड्यात पुन्हा टोक लावलं तर आकडा कमी येतो. लाइनवर झटपट बघायला हातात धरा, रिपोर्टसाठी स्टँड. बुशच्या खोबणीत मोजायचं असेल तर लांब पायाचं मॉडेल मिळतं.

डिजिटलचा खरा फायदा टायमरचा: १, ३, १५ सेकंद ठरवलं की तो स्वतः आकडा धरून ठेवतो. मोजणाऱ्याच्या डोळ्यावरचं अवलंबित्व कमी होतं. दशांशातल्या आकड्याला मात्र किंमत देऊ नका, रिपोर्टवर पूर्णांकच लिहा. ग्राहक दोन असतील आणि दोघांची वेळ वेगवेगळी असेल तर डिजिटल घ्या, एकच असेल तर डायल आणि स्टॉपवॉच पुरतं.

ओ-रिंगवर शोर ए लावूच नका. ३.५३ मिमी जाडीचा, वर गोल, टोक घसरतं. रोजच्या कामाला त्याच बॅचचं, त्याच क्युअरचं (प्रेसमध्ये तापवून रबर पक्कं करण्याचं) बटण करा. प्रत्यक्ष रिंगवर मोजून हवं असेल तर स्टँडवरचं शोर एम किंवा मायक्रो आयआरएचडी (रबराच्या हार्डनेसचा दुसरा स्केल), या दुसऱ्यात ०.३९५ मिमीचा गोळा वापरतात. ही हातात धरायची यंत्रं नाहीत. ते काम बाहेरच्या लॅबकडून करून घेतलेलं बरं.

रोलर_कोल्हापूर

मध्येच विचारतो. प्रिंटिंग रोलरला ग्राहक ‘पी अँड जे ३५’ मागतोय. आमच्या शोर ए वर तो आकडा कुठे बसतो?

क्वालिटी_नाशिक

तो प्युझी अँड जोन्स स्केल आहे, उलटा चालतो. १ किलो वजनाखाली ३.१७५ मिमीचा गोळा एका मिनिटात किती शतांश मिमी रुतला ते तो सांगतो, म्हणजे आकडा मोठा तितकं रबर मऊ. ३५ म्हणजे ०.३५ मिमी, बऱ्यापैकी कडक रोलर. शोर ए वरून अंदाज काढून कोटेशन देऊ नका, ग्राहकाकडून शोरमध्येच लिहून घ्या किंवा ते यंत्र असलेल्या लॅबमध्ये मोजा.

मोल्डिंग_भोसरी

शेवटचं एक. प्रेसमधून निघाल्यावर किती वेळाने मोजावं? आमच्या शेडमध्ये उन्हाळ्यात ३८ अंश असतं, त्यांच्याकडे एसी.

कॅलिब्रेशन_लॅब

क्युअरनंतर किमान १६ तास. गरम रबर मऊ लागतं, त्यावर मोजून कंपाउंडमध्ये कार्बन ब्लॅक वाढवला तर दुसऱ्या दिवशी माल कडक निघतो. प्रमाण तापमान २३ ± २, आणि उष्ण प्रदेशांसाठी आयएसओने २७ ± २ ही मुभा ठेवली आहे, ग्राहकाशी कोणतं ते ठरवा. शेडमधून बटणं थेट प्लेटवर ठेवू नका, एसीच्या खोलीत तीनेक तास राहू द्या आणि गेजही त्याच खोलीत ठेवा. वर मेण किंवा गंधक फुटलेलं दिसलं तर सुक्या कापडाने पुसा, थिनर नको, त्याने वरचा थर फुगून मऊ होतो. काम झालं की गेज डबीत ठेवताना टोक कशालाही दाबलेलं राहत नाही ना ते बघा, रात्रभर दाबलेली स्प्रिंग सकाळी शून्यावर येत नाही.