मदत हवी आहे: ठेका धरून मनात तिहाईचा हिशोब केला की लय धावते

नमस्कार मंडळी,

चाळिशीत तबला शिकायला लागले, त्याला आता चार वर्षं होतील. एकाच ठिकाणी वर्षभर अडकले आहे, म्हणून हा धागा.

मध्यलयीत तीनतालाचा (१६ मात्रांचा) ठेका मी दहा-दहा मिनिटं धरते. सर ऐकत बसतात, थांबवत नाहीत. पण ठेका चालू असतानाच जागेवर तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून शेवट समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आणणं) बांधायला सांगितली की बिघडतं. नवव्या मात्रेपासून उचलायची तर पुढची सम धरून ९ मात्रा मिळतात, म्हणजे ३-३-३ची बेदम, मध्ये न थांबता. पाचवीपासून उचलली तर १३: तीन मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये दोन-दोन मात्रांचा दम (विराम). समेपासूनच उचलली तर १७: पाचाचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रा सोडायची. वहीत हे सगळं मला पटकन सुटतं. हात चालू असताना मात्र हिशोब जमेपर्यंत लय धावलेली असते. तिहाई समेवर येते, पण मूळ लयीतली सम केव्हाच मागे राहिलेली असते.

बोल स्वच्छ निघतात, क्रम मोडत नाही, काल (खाली) आला की डग्गा बरोबर बंद होतो. आखडतं ते फक्त मात्रांमधलं अंतर.

लेहरा (आवर्तन दाखवणारी, सतत वाजणारी धून) लावला की हा दोष जवळजवळ दिसत नाही, कारण दर आवर्तनाला तो मला ओढून जागेवर आणतो. म्हणून मागच्या महिन्यात लेहऱ्याशिवाय मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. मेट्रोनोम ६० वर, १६ टोले त्याच्याबरोबर, मग तो बंद आणि हात तसाच चालू. (ही पद्धत जुनी आहे, स्टीव्हन्स या संशोधकांनी १८८६ मध्येच ती वापरली होती.) एकदा नुसतं वाजवलं, एकदा मनात १०० मधून सात-सात वजा करत, एकदा मनात पढंत करत, म्हणजे ठेक्याचे बोल म्हणत. वजाबाकीच्या वेळी लय धावली. पढंतीच्या वेळी ती नुसत्या वाजवण्यापेक्षाही चांगली टिकली! म्हणजे डोकं कामात असणं एवढंच कारण नसावं.

आणखी एक कोडं. वाचलं होतं की लक्ष दुसरीकडे गेलं की आतली मोजणी मधूनमधून सुटते आणि माणूस ठरवलेला काळ लांबवतो. तसं असेल तर माझी लय रेंगाळायला हवी. ती धावते का? आणि दोष हातात आहे की आतल्या लयीत, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? जाणकारांनी कृपया सांगावं. सरांना विचारलं तर ते "रियाझ वाढव" म्हणतात. रियाझ करतेच आहे, पण नेमका कशाचा वाढवू?

प्रतिसाद

ताई, रेकॉर्डिंग आहे तर अर्धं काम झालंय. विंग आणि क्रिस्टॉफरसन या संशोधकांनी १९७३ मध्ये याची छान फोड केली. आतलं घड्याळ टोला देतं आणि हात तो वाजवतो. दोघांची चूक वेगळी दिसते. एखाद्या मात्रेला हाताला उशीर झाला तर ते अंतर लांबतं, पण घड्याळ थांबलेलं नसतं, म्हणून लगेच पुढचं अंतर आखडतं. लांबमागोमाग आखूड अशी जोडी वारंवार दिसली तर डळमळ हातात आहे. एकामागून एक अंतर आखडतच गेलं तर आतली लयच सरकली. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं वाटतं.

रेंगाळायचं सोडून धावण्याबद्दल: वजाबाकी तुम्ही मनात शब्दांत करता ना? त्या शब्दांना स्वतःची चाल असते. मनातलं बोलणं एका चालीत आणि हात दुसऱ्या, हे फार अवघड. एक दुसऱ्याला आपल्यामागे ओढतोच. पढंतीत दोघांची चाल एकच, म्हणून ती टिकते. आकडे सोडून बघा. तिहाई बोलांतच मनात म्हणा, तीही ठेक्याच्या मात्रेवर.

धागाकर्ती

मनापासून आभार. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, अंतरं मोजली. जोड्या नाहीत, सरळ आखडत गेलंय. आणि "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी" हे मी मनात कसं म्हणत होते ते आठवलं: आकडा सापडला की घाईने, आणि धिं त्याच्याबरोबर.

आज ३-३-३ची बेदम बोलांत म्हणून पाहिली. दोनदा मूळ लयीतच समेवर आले. दमदार तिहाई अजून बिघडते, कारण दमाच्या जागी बोल नाही आणि मी तिथे पुन्हा "एक, दोन" म्हणायला लागते. त्या रिकाम्या मात्रांना तुम्ही सगळे मनात काय म्हणता?