कुर्डीचं उदाहरण देऊन ‘हाइम इन्स राइख’ समजावता येईल का?

सांगेकर:
आमच्या वाचनालयात ‘हाइम इन्स राइख’वर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात परदेशातल्या जर्मन अल्पसंख्याकांना ‘मायदेशी’ नेण्याच्या नाझी सरकारी योजनेवर, पाऊण तास बोलायचं आहे. श्रोत्यांत गोव्यातल्या साळावली धरणामुळे कुर्डी गाव सोडून वाडे-वालकिणीला आलेल्या घरांतले बरेच असतील, म्हणून सुरुवात कुर्डीपासून करावी असं मनात आहे. तीन शंका आहेत. हे लोक आपणहून गेले की नेले गेले? घर सोडल्यापासून नवं शेत हातात पडेपर्यंत नेमकं काय काय व्हायचं? आणि १९४५ नंतर पूर्व युरोपातून जर्मनांना हाकललं, ते याच योजनेतलं का?

जुनी_दप्तरं:
तिसऱ्याचं आधी सांगतो, तिथे गल्लत झाली तर सगळं भाषण उलटं होईल. ती हकालपट्टी पोलंड, चेकोस्लोव्हाकिया वगैरे देशांनी युद्ध हरलेल्या जर्मनांची केली. तुमची योजना १९३९ची, बर्लिनने आखलेली. स्टालिनने ऑगस्ट १९४१च्या हुकमाने व्होल्गाकाठच्या जर्मनांना कझाकस्तान-सायबेरियात धाडलं, तेही वेगळं प्रकरण.

आपणहून म्हणाल तर कागदावर तसंच आहे. पण २३ ऑगस्ट १९३९च्या जर्मन-सोव्हिएत कराराच्या गुप्त कलमात हिटलरने एस्टोनिया आणि लाटविया स्टालिनच्या वाट्याला सोडले होते. ६ ऑक्टोबरला त्याने राइखस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, या स्थलांतराची घोषणा केली, दुसऱ्याच दिवशी एस.एस. या नाझी दलाचा प्रमुख हिमलर याच्याकडे सूत्रं गेली आणि १८ तारखेला एस्टोनियातल्या टॅलिनहून पहिली बोट सुटली. बारा दिवस! पिढ्यान्‌पिढ्यांचं घर-दुकान आवरायला एवढाच वेळ, आणि मागे राहिलं तर लाल सैन्याची भीती. इटलीतल्या दक्षिण टायरोलमध्ये जायचं की राहायचं हे ठरवायची मुदत ३१ डिसेंबर १९३९ची होती. तिथे अफवा उठली की जे राहतील त्यांना मुसोलिनी सिसिलीत नेऊन टाकणार. ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी जाण्याच्या बाजूने नोंद केली, प्रत्यक्षात गेले साधारण ७५ हजार. नोंद आणि प्रस्थान यातला हा फरक जरूर सांगा.

मांडवीतीर:
दुसऱ्या प्रश्नासाठी बेसाराबिया घ्या, सगळे टप्पे एका ठिकाणी दिसतात. जून १९४०मध्ये सोव्हिएतांनी हा प्रांत रुमानियाकडून घेतला, ५ सप्टेंबरला जर्मनीशी करार झाला आणि वर्ष संपायच्या आत सुमारे ९३ हजार माणसं बाहेर पडली. गावोगावी जर्मन आणि सोव्हिएत अधिकारी समोरासमोर बसत. घर, द्राक्षमळा, गुरं, नांगर यांची यादी व्हायची आणि किमतीवरून दोघांची ओढाताण चालायची. बायका, मुलं, म्हातारे मोटारींनी निघत. पुरुष घोडागाड्या हाकत डॅन्यूबवरच्या रेनी, किलिया, गलात्स या बंदरांवर येत आणि घोडे तिथेच सोडून बोटीत चढत. बोट युगोस्लाव्हियातल्या प्राहोव्हो किंवा झेमूनपर्यंत. पुढे आगगाडीने छावणीत.

खरी मेख छावणीत. नोंदणी केंद्र कुटुंबाला एका टेबलाकडून दुसऱ्याकडे फिरवायचं: नाव, ओळखपत्र, फोटो, मालमत्ता, वैद्यकीय तपासणी, धंदा, नागरिकत्व. या फिरवण्याला जर्मन नाव ‘दुर्खश्लॉयझुंग’, म्हणजे बांधाच्या दारांतून पाणी टप्प्याटप्प्याने पुढे सोडणं. माणसांना वाटे डॉक्टर छाती बघतायत. पण त्याच खोलीत एस.एस.चे वंशपरीक्षक असत. ते उंची, गालफडं, डोळ्यांचा रंग पाहून प्रतवारी लिहीत आणि ती घरच्यांना कळू देत नसत. शेवटी कार्डावर एक अक्षर पडे. ‘ओ’ म्हणजे पूर्वेला, बळकावलेल्या पोलंडमध्ये शेत. ‘आ’ म्हणजे जुन्या जर्मनीत मजुरी. ‘एस’ म्हणजे खास प्रकरण. ‘आ’ पडलं की स्वतःची जमीन कसणारा शेतकरी कारखान्याच्या दारात उभा.

सांगेकर:
म्हणजे ‘ओ’ पडलं की लगेच शेत?

जुनी_दप्तरं:
लगेच कुठलं! शेत मोकळं नव्हतंच, ते मोकळं ‘करायचं’ होतं. १ ते १७ डिसेंबर १९३९ या काळात वारथेगाऊमधून, म्हणजे जर्मनीने स्वतःला जोडलेल्या पश्चिम पोलंडच्या भागातून, सुमारे ८७ हजार पोलिश आणि ज्यू लोकांना आगगाड्यांत कोंबून जनरल गव्हर्नमेंटमध्ये, म्हणजे पोलंडच्या उरलेल्या जर्मनव्याप्त भागात, नेऊन टाकलं, एस्टोनिया-लाटवियातून आलेल्या बाल्टिक जर्मनांना घरं हवी होती म्हणून. १९४०मध्ये दक्षिण पोलंडच्या झिव्हियेत्स भागात पोलिस पहाटे दारात येत. पोलिश कुटुंबाला गाठोडं बांधायला जेमतेम वेळ मिळे आणि त्याच दिवशी गॅलिशियातलं जर्मन कुटुंब आत येई, गाईंची धार चुकू नये म्हणून. चूल अजून गरम असायची. पोलिश शेतं लहान, म्हणून दोन-चार एकत्र करून एका जर्मन घराला देत.

यंत्रणा अडकली ती इथेच. गाड्या नाहीत तर हकालपट्टी नाही, हकालपट्टी नाही तर शेत नाही, शेत नाही तर छावणी रिकामी होत नाही. जनरल गव्हर्नमेंटचा प्रमुख हान्स फ्रांक तक्रार करत होता की एवढी माणसं ठेवू कुठे. मार्च १९४१मध्ये रशियावरच्या स्वारीसाठी गाड्या लागल्या आणि हकालपट्टीच्या गाड्या थांबल्या. बेसाराबियाची कित्येक कुटुंबं वर्षभर, काही त्याहून जास्त, मठांत नि शाळांत अडकून पडली.

आणखी एक गोष्ट कृपा करून गाळू नका. १९३९च्या शरदात पोमेरेनियातल्या मनोरुग्णालयांतून रुग्ण उचलून पिआश्नित्साच्या जंगलात गोळ्या घातल्या. रिकाम्या झालेल्या इमारती एस.एस. आणि येणाऱ्या बाल्टिक जर्मनांच्या सोयीसाठी वापरल्या.

मांडवीतीर:
कुर्डीची तुलना उंबरठा सोडण्यापर्यंतच न्या. देऊळ मागे राहणं, मे महिन्यात पाणी ओसरलं की जोतं दिसणं, हे तुमच्या श्रोत्यांना बरोबर कळेल. त्यापुढे नको. कुर्डी पाण्याखाली गेली. बेसाराबियावाल्याला मिळालेल्या शेतात कालपर्यंत दुसऱ्याची भाकरी पिकत होती, आणि तो दुसरा कुठल्याशा अनोळखी गावात उपाशी होता. त्यांना विचारा, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर तुमचं नाव, पण त्याखाली खोडलेलं नाव जबरदस्तीने हाकललेल्याचं, तर त्या जमिनीत नांगर कसा घालाल?

सांगेकर:
हे असंच मांडतो. बेसाराबियात मोजलेल्या घर-मळ्याचे पैसे मिळाले का?

जुनी_दप्तरं:
रोख नव्हे. भरपाई वस्तूच्या रूपात, म्हणजे पोलंडमधलं घर नि जमीन. जानेवारी १९४५मध्ये लाल सैन्य विस्तुला नदीवरून पुढे सरकलं, तेव्हा त्याच कुटुंबांनी पुन्हा गाड्या जुंपल्या आणि बर्फातून पश्चिमेची वाट धरली. या वेळी यादी करायला कुणी आलं नाही.