एक्सचेंज विद्यार्थिनी दहा महिने पुण्यात: गणपती, दिवाळी, काशी, ताज, होळी… काय ठेवायचं, काय गाळायचं?

पाहुणीघर
ऑगस्ट २०२६ च्या पहिल्या आठवड्यात जर्मनीहून १७ वर्षांची मुलगी आमच्याकडे राहायला येते आहे. व्हिसा विद्यार्थी, मुदत दहा महिन्यांची, कॉलेज पुण्यातच. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. तिने पाठवलेली यादी: विसर्जन मिरवणूक, दिवाळी, काशीची देवदिवाळी, ताजमहाल, मथुरेची होळी, जमलं तर सुट्टीत नेपाळ. घरी गणपती दीड दिवसाचा असतो.
१) आल्या आल्या कागदपत्रांचं काय करायचं?
२) काशीची तिकिटं कधी, कशी काढायची?
३) मिरवणूक कुठून दाखवावी?
४) सणाच्या खाण्यात दाणे कुठे कुठे लपलेले असतात?
मोघम "काळजी घ्या" नको, नेमकं सांगा.

शिक्कामोर्तब
आधी कागद. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने भारतात उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी करायची असते. अर्ज ई-एफआरआरओच्या (परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर होतो. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसाचं पान, विमानतळावरच्या आगमन शिक्क्याचं पान, फोटो, कॉलेजचं बोनाफाईड आणि तुमच्या घराचा पुरावा एवढं स्कॅन करून ठेवा. वीजबिल आजोबांच्या नावावर आणि ती तुमच्याकडे राहते या पत्रावर सही वडिलांची, अशी गफलत असेल तर नातं दाखवणारा कागद सोबतच जोडा, म्हणजे शंका काढून अर्ज परत यायला नको.

दुसरं म्हणजे परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांच्या आत ज्याच्याकडे उतरला त्याने कळवायचं असतं. लोक याला अजून सी-फॉर्मच म्हणतात. हे फक्त हॉटेलांना लागू आहे असा समज आहे, तो चुकीचा. खासगी घरालाही लागू आहे. याच कारणाने बरेच छोटे लॉज परदेशी गिऱ्हाईक घेतच नाहीत. ॲपवर बुकिंग होतं आणि रात्री अकराला काउंटरवर "फॉरेनर नहीं लेते" ऐकावं लागतं. बुकिंगआधी फोन करून विचारा. ती १८ च्या आतली आहे, त्यामुळे एकटीला खोली मिळणार नाही असंच धरून चाला आणि कुठेही जाताना तिच्या आईवडिलांचं संमतिपत्र जवळ ठेवा.

नेपाळ: व्हिसावर एकच प्रवेश लिहिलेला असेल तर सीमा ओलांडल्यावर परत येता येणार नाही. तो शब्द आजच वाचा.

रुळावरचा
काशीचं गणित मांडतो. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, छठ १५ ला, देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा २४ ला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यापासून छठपर्यंत मुंबई-पुण्याहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि छठ झाली की हीच गर्दी उलट्या दिशेने वाहते. म्हणून २० नोव्हेंबरला निघालात तर जाताना फारसा त्रास नाही. अडकाल ते येताना.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. २० नोव्हेंबरसाठी २१ सप्टेंबरला आणि २६ नोव्हेंबरच्या परतीसाठी २७ सप्टेंबरला. पहिली तारीख ऐन गणपतीत येते, त्यामुळे आत्ताच मोबाईलवर गजर लावून ठेवा. परतीचं कन्फर्म मिळालं नाही तर विमानाने या. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं, ते घेऊन गाडीत चढता येत नाही. आणि आरएसी म्हणजे बाजूच्या खालच्या बर्थवर अनोळखी माणसासोबत अर्धी जागा. या मुलीसाठी तो पर्याय मोजूच नका.

तत्काळवर भिस्त ठेवू नका. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी १० ला उघडतं, पण ऑनलाइन काढायला आधार जोडलेलं खातं लागतं. तिच्याकडे आधार नाही, तेव्हा तिकीट तुमच्याच खात्यातून काढा. नाव पासपोर्टवर आहे तसं घाला आणि प्रवासात मूळ पासपोर्ट जवळ असू द्या, झेरॉक्स चालत नाही. थ्री एसीत अपर बर्थ मागा. दिवसा खाली बसता येतं, रात्री कुणी उठवत नाही.

मुंबईहून महानगरी एक्सप्रेस थेट वाराणसीला जाते. पुण्याहून दानापूरकडे जाणारी गाडी पकडलीत तर पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शनला, म्हणजे जुन्या मुगलसरायला उतरून पुढे रस्त्याने जायचं.

देवदिवाळीच्या संध्याकाळी गोदौलिया चौकाच्या पुढे वाहन जात नाही. घाटाजवळची खोली घेतलीत तर सामान हातात धरून चालण्याची तयारी हवी. नाव सूर्यास्ताच्या तासभर तरी आधी धरा, भाडं माणशी की अख्ख्या नावेचं हे चढण्याआधी ठरवा, आणि लाइफ जॅकेट नसलेल्या नावेत बसू नका.

उत्तरेची दुसरी फेरी डिसेंबर-जानेवारीत ठेवू नका. धुक्याने गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि सकाळी ताजमहालाच्या जागी नुसता पांढरा पडदा दिसतो. फेब्रुवारी चांगला.

बेलबाग
विसर्जन २५ सप्टेंबरला, शुक्रवारी. तिला रात्री नेऊ नका, सकाळी न्या. मानाचे पाच (कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा) मंडईतून निघून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जातात. सनई, ढोल-ताशा, ध्वजपथकं, रांगोळ्या, जे पाहायचं ते यांच्यापुढेच असतं. दहाच्या आत बेलबाग चौक ते कुंटे चौकाच्या पट्ट्यात उभं राहा आणि दुपारी एक-दीडला निघा. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. संपेपर्यंत थांबण्यात काही शौर्य नाही, नंतर मुख्यतः स्पीकरच्या भिंती आणि लेसर उरतात. लेसरकडे पाहायचं नाही, कॅमेराही त्याकडे धरायचा नाही.

मेट्रोचं मंडई स्टेशन नावाला सोयीचं आहे, पण बाहेर पडताना तिथेच कोंडी होते. डेक्कनला उतरून लकडी पुलावरून चालत या. फोमचे इअरप्लग घ्या, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. फोनचं नेटवर्क बसतं, म्हणून चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरीच ठरवा. एखादं दुकान नको, ती बंद असतात. चौक किंवा पूल ठरवा. स्वच्छतागृहाची सोय कमी, हे मुलीला आधीच सांगा.

ढोल पथकात भाग घ्यायचा म्हणाली तर सराव साधारण दोन महिने आधीच सुरू झालेला असतो. ऑगस्टमध्ये ढोल मिळणं अवघड, झेंड्यासाठी विचारून पाहा.

निवगरी
मिरवणुकीपेक्षा घरचे दीड दिवस जास्त लक्षात राहतील, फक्त तिला हातात काम द्या. नुसतं पाटावर बसवून फोटो काढू नका.

उकडीचे मोदक शिकवा. १ वाटी तांदळाच्या पिठीला १ वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूट मीठ. पाणी खळखळलं की पिठी घालून ढवळा, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटं वाफ आणा, मग आच बंद करून पाच मिनिटं तसंच ठेवा. उकड गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची. गार झाल्यावर मळली की पारीला चिरा पडतात, आणि नवशिक्याचे मोदक फाटण्याचं मुख्य कारण हेच. सारण २ वाट्या खोवलेला नारळ, १ वाटी गूळ. गोळा होऊ लागला की उतरवा, त्यापुढे गुळाचा पाक होऊन सारण दगड होतं. पारी कडेला पातळ, मधे जाडसर. मोदक गार पाण्यात बुडवून मोदकपात्रात ठेवा आणि १०–१२ मिनिटं वाफवा. पहिल्या दिवशी कळ्या जमणार नाहीत. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं घालून निवगऱ्या थापायला द्या, त्या कुणालाही जमतात.

आणखी एक. सोवळं किंवा पाळीच्या दिवसांचा काही नियम घरात असेल तर घरातल्या बाईने तिला आठवडाभर आधी, कारणासकट सांगावा. ऐन पूजेच्या वेळी दारात अडवलं तर ते वर्षभर सलतं.

होळी: मथुरा-बरसाना गाळा. तिथल्या गर्दीत १७ वर्षांच्या मुलीला न्यायचं कारण नाही. सोसायटीतलं धुळवड-रंगपंचमी पुरे. सोनेरी केस रंग पटकन धरतात, ब्लीच केलेले तर आठवडे सोडत नाहीत. आदल्या रात्री खोबरेल चोपडा, वर रुमाल बांधा. लेन्स काढून ठेवायला सांगा. रंग काढताना आधी कोरडा झटका, मग तेल, मग बेसन-दही. रॉकेल अजिबात नको. बाहेरची थंडाई नको, भांग असू शकते.

दाणेबंदी
प्रश्न ४. उपवास हा खरा सापळा. साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, वरीसोबतची आमटी, सगळ्यांत कूट. हरतालिका, नवरात्र, एकादशीला घरात हवेतही कूट असतो म्हणा ना. एरवी पोहे, भरली वांगी, कोशिंबिरी, चटण्या. घाण्यावर काढलेल्या शेंगदाणा तेलात दाण्याचं प्रथिन राहतं, म्हणून तिच्यासाठी सूर्यफूल किंवा सोयाबीनचं तेल ठेवा. फराळ तळताना तिचा घाणा पहिला, नव्या तेलात. चिवडा दाण्यांशिवाय, डाळं आणि खोबऱ्याचे काप घालून. विकतचा फराळ आणि मंडळाचा प्रसाद नको, हाताला लागलेला कूटही पुरतो.

ॲड्रेनालिनचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. तिने दोन तरी घेऊन यावीत, आणि ती सतत तिच्या पिशवीत हवीत, गाडीच्या कप्प्यात तापायला नकोत. पेन टोचल्यावर बरं वाटलं तरी १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यायचंच, लक्षणं उलटून येतात. तिच्या खिशात मराठी-हिंदी चिठ्ठी ठेवा: "मला शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी आहे. दाणे, कूट, दाण्याचं तेल चालत नाही." हिंदीत "मूँगफली" लिहा, काशीला "शेंगदाणा" कुणाला कळणार नाही.

पाहुणीघर
मथुरा आणि नेपाळ गाळले. काशीहून परत येताना २७ नोव्हेंबरला आग्रा करावं का?

रुळावरचा
२७ ला शुक्रवार आहे, ताज शुक्रवारी बंद असतो. शिवाय परतीच्या गर्दीत आणखी एक गाडी बदलावी लागेल. आग्रा फेब्रुवारीत न्या. त्याआधी अजिंठा-वेरूळ उरकून घ्या, अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद.