[चर्चा] पासवर्ड बदलला, टू-फॅक्टरही होतं, तरी खातं कसं गेलं?

प्रेषक: सचिव

नमस्कार मंडळी,
विषयातल्या प्रश्नाबरोबर एक जोडप्रश्न: अँटिव्हायरस "काही सापडलं नाही" म्हणत असेल तर कॉम्प्युटर साफ समजायचा का? निखिल, मेधाताई, जरा खुलासेवार लिहाल का?

प्रेषक: निखिल

अँटिव्हायरस खोटं बोलत नसेल. लुमा, विडार, रेडलाइन या जातीचे चोर, म्हणजे पासवर्ड आणि कुकी चोरणारे प्रोग्राम, कॉम्प्युटरमध्ये बिऱ्हाड थाटत नाहीत. पुष्कळदा मिनिट-दोन मिनिटांत हाती लागेल ते उचलतात, पाठवतात आणि स्वतःला पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी स्कॅन केलं तर सापडणार काय?

टू-फॅक्टरचं (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) म्हणाल तर तो दारावरचा पहारेकरी. आत गेल्यावर साइट तुमच्या ब्राउझरला एक सेशन कुकी देते, म्हणजे हातावर मारलेला शिक्काच. चोर ती कुकी आपल्या ब्राउझरमध्ये घालतो आणि थेट आत असतो. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. विंडोजवर ब्राउझरच्या पासवर्डांची आणि कुकींची किल्ली बराच काळ तुमच्या लॉगिनलाच बांधलेली असे. तुमच्या नावाने चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामने मागितली की मिळे, अॅडमिन परवानगीचीही गरज नाही. क्रोमने जुलै 2024 मध्ये, 127व्या आवृत्तीत, कुकींना वेगळं कुलूप लावलं. काही आठवड्यांतच चोरांनी पळवाटा काढल्या.

खुणा कुठे बघायच्या? "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा" म्हणत विंडोज-आर, कंट्रोल-व्ही, एंटर दाबायला लावणारं पान आलं होतं का, हे आधी आठवा. त्या कळांनी पानाने गुपचूप कॉपी केलेली आज्ञा तुम्हीच चालवता. तसं केलं असेल तर रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांची वही) "रनएमआरयू" या नोंदीत ती आज्ञा बहुधा तशीच पडलेली असते. पॉवरशेल किंवा एमएसएचटीए (आज्ञा चालवणारे विंडोजचेच प्रोग्राम) आणि पुढे लांबलचक पत्ता दिसला, तर शंकेला जागा नाही. मग ब्राउझरची डाउनलोड यादी. पासवर्ड लावलेली झिप आणि तो पासवर्ड शेजारीच लिहिलेला, हा जुनाच डाव: अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून. इवल्याशा प्रोग्रामची फाइल 700-800 एमबीची असेल तर तीही संशयित, कारण फार मोठ्या फाइली बरेच स्कॅनर सोडून देतात. शेवटी डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) "एक्सक्लूजन्स"मध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांच्या यादीत, तुम्ही न घातलेला फोल्डर आहे का ते बघा.

प्रेषक: मेधा

निखिल, सगळं बरोबर, पण शोधाशोध नंतर. आधी वायफाय बंद करा, केबल काढा, आणि त्या कॉम्प्युटरवर एकही पासवर्ड टाइप करू नका. तिथे बसून नवा पासवर्ड ठेवणं म्हणजे चोरासमोरच तिजोरीचा आकडा बदलणं. पुढचं सगळं फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून.

पुष्कळ जण इथे ब्राउझरच्या कुकी पुसून मोकळे होतात. त्याने फक्त आपली प्रत जाते, चोराकडची चालूच राहते. ती मोडायची तर खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन "सर्व उपकरणांवरून साइन आउट" करावं लागतं.

सुरुवात मेलपासून, कारण बाकी सगळ्यांच्या रिसेट लिंक तिथेच येतात. पासवर्ड बदला, सगळी सेशन तोडा, आणि मग जे नेहमी राहून जातं ते तपासा: रिकव्हरी फोन आणि मेल, फॉरवर्डिंग, फिल्टर (बँकेचे मेल परस्पर कचऱ्यात टाकणारा एखादा हमखास सापडतो), अॅप पासवर्ड (एखाद्या अॅपला टू-फॅक्टरशिवाय आत सोडणारे वेगळे पासवर्ड), जोडलेली अॅप्स. बॅकअप कोड (ओटीपी मिळत नसेल तेव्हा वापरायचे) नवे काढा. ते डेस्कटॉपवरच्या टेक्स्ट फाइलमध्ये असतील तर गेलेच समजा. हे चोर अशा फाइलीही झोळीत घालतात. त्यानंतर बँक, पासवर्ड मॅनेजर, मग उरलेलं. टेलिग्राम, डिस्कॉर्डची सेशनही विसरू नका. क्रिप्टो वॉलेटचे बीज-शब्द (वॉलेट उघडणारी शब्दांची किल्ली) बदलता येत नाहीत. स्वच्छ उपकरणावर नवं वॉलेट करून रक्कम तिकडे हलवावी लागते, आणि तिथे मात्र मेलचीही वाट न बघता.

कॉम्प्युटरसाठी माझं मत कडक आहे: डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन (साधारण 15 मिनिटं) करायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजची इन्स्टॉल प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवा, डिस्कवरची जुनी पार्टिशन (कप्पे) उडवा, नव्याने टाका. फोटो, कागदपत्रं परत आणा. प्रोग्राम आणि झिप नाही. ब्राउझरचं सिंक चालू करण्याआधी एक्स्टेन्शनची (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) यादी बघा. नाहीतर सडकं एक्स्टेन्शन त्याच वाटेने घरी परत येतं.

प्रेषक: सचिव

आणि मॅक? शिवाय आपली सामायिक मेल पाच-सहा जण वापरतात.

प्रेषक: निखिल

मॅकलाही आहेत. अॅटॉमिक नावाचा चोर 2023 पासून फिरतोय. तो सिस्टिमसारखी दिसणारी खिडकी उघडून लॉगिन पासवर्ड मागतो आणि त्यानेच कीचेन (मॅकची पासवर्डांची तिजोरी) उघडतो. इन्स्टॉल करायला टर्मिनलमध्ये (मॅकला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी) काही पेस्ट करायला सांगितलं तर तिथेच थांबा.

सामायिक मेलचं दुखणं असं की पाचांपैकी एकाचा कॉम्प्युटर गेला की खातं गेलं, आणि कुणाचा गेला तेही कळत नाही. पासवर्ड वाटण्यापेक्षा प्रत्येकाला आपापल्या खात्यातून प्रवेश द्या; एकाचा प्रवेश काढला की काम भागतं.

प्रेषक: मेधा

पुस्ती: "हॅव आय बीन पोन्ड" या, आपला मेल पत्ता फुटलेल्या माहितीत आहे का ते सांगणाऱ्या साइटवर चोरांच्या हाती लागलेल्या काही नोंदीही असतात. तिथे तुमचा पत्ता दिसला तर लगेच कामाला लागा. दिसला नाही म्हणून वरचं काही वगळू नका. चोरलेला माल तिथे उशिरा पोचतो, किंवा पोचतच नाही.